चेन्नईचा पाऊस, वरवंडची छत्री

रखमामावशी लख्ख उन्हात छत्री उघडून वरवंडच्या बाजारात यायच्या. दिवाळी होऊन गेलेली, आभाळात औषधालाही ढग नाही, आणि ह्या चिखल चुकवल्यासारखं लुगडं जरा वर धरून वांगी निवडत उभ्या. कुणी हसलं की म्हणायच्या, "हसा, हसा. तिकडं दोन दिस झालं धार लागलीया."

तिकडं म्हणजे चेन्नईला. त्यांचा एकुलता एक नामा त्या जूनमध्ये तिथं कॉम्प्युटर कंपनीत लागला होता. मेंढरांमागं हिंडलेल्या घरातलं ते पहिलं इंजिनियर पोर. तो गेला तशा मावशीही हवामानापुरत्या चेन्नईत राहायला गेल्या. संध्याकाळी आमच्याकडे टीव्हीवर बातम्या बघायला यायच्या. सरकार पडो नाहीतर विमान पडो, त्या आपल्या सुपारी कातरत बसलेल्या. शेवटी मोठ्या शहरांचं हवामान आलं की अडकित्ता थांबायचा. "गप ऱ्हावा. आता आमचं सांगत्यात." तिथं उकाडा असला की ह्या इकडं श्रावणाच्या गारव्यात पदरानं वारा घ्यायच्या. तिथं पाऊस असला की इकडं पापड वाळत घालायच्या नाहीत.

मी तेव्हा चाळिशीतली बालवाडीची बाई. आज नातवंडांना हे सांगताना त्या बाईचा कान पिळावासा वाटतो. लग्नानंतर एकदा अलिबागला दीड दिवस जाऊन आले होते. तेवढ्या भांडवलावर समुद्र ह्या विषयात अख्ख्या वरवंडात माझाच शब्द शेवटचा.

मावशींना वाचता येत नसे. नामाचं पत्र दर महिन्याला यायचं, आत एक फोटो. वाळूत बसलेला नामा, शहाळं पिणारा नामा, गॉगल लावून घोड्यावर बसलेला नामा. पत्र मोजून चार ओळींचं. 'आई, मी मजेत आहे. ऑफिस सुटलं की मित्रांबरोबर समुद्रावर जातो. लाटा बघतो. मासे खातो.' ह्या चार ओळी वाचायला मला अर्धा तास लागायचा. भरती कशी येते, ओहोटीला वाळू पायाखालून कशी सरकते, सगळं पदरचं. मावशी तोंडावर हात ठेवून ऐकायच्या. "आगं बया! पानी आपल्या आपुन मागं जातं?"

सहाव्या फोटोत मला नामाच्या डाव्या अंगठ्याला पांढरी पट्टी दिसली. लागलं असेल म्हणून मी माझ्याकडेच ठेवायला दिलेले जुने पाच फोटो काढले. पट्टी सगळ्यांत! मागं तीच पालथी होडी, होडीच्या सावलीत तेच झोपलेलं कुत्रं. शर्ट तेवढे निराळे. मित्र तर एकाही फोटोत नव्हता. पोरगं सहा महिन्यांत एकदाच समुद्रावर गेलं होतं, पिशवीत सहा शर्ट घेऊन.

शहाण्या बाईनं फोटो गुपचूप पाकिटात ठेवले असते. मला तर शोध लागला होता! सहाही फोटो पदराखाली धरून मी मावशींच्या घरी पळाले. त्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या.

"मावशी, हे बघा. सगळ्या फोटोंत पट्टी!"

त्यांनी फोटोंकडे पाहिलंसुद्धा नाही. तव्यावरची भाकरी उलटली. "दुसऱ्या फोटूलाच दिसली मला."

मी फोटो हातात धरूनच चुलीशी खाली बसले.

"ऐंशी मेंढरांतनं लंगडणारं येक लांबनं वळखीत व्हते, बाई. पोटच्या पोराचा अंगठा दिसायचा न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"त्यो येकला तिकडं, कामाला जुपलेला. म्हैन्यातनं येकदा बसून आईसाठी मजा लिवतो. आईनं वळखलं आसं कळलं, तर लिवायचंच बंद करंल. मग त्याला बी काय ऱ्हायलं, आन् मला बी?" भाकरी निखाऱ्यावर टाकत पुढं म्हणाल्या, "आन् समुंदराचं म्हनाल, तर आठ सालं मेंढरं घिऊन कोकणात उतरत व्हते मी. खाडीच्या काठाला बिऱ्हाड असायचं आमचं."

"अहो, मग मला भरती-ओहोटी कशाला सांगू दिलीत?"

"तुमाला सांगताना लई ग्वाड वाटत व्हतं."

माझं तोंड त्या तव्याहून काळं पडलं.

उत्तर नेहमी मीच लिहायची. त्या दिवशीही लिहायला बसले. "फोटू झ्याक हाय म्हनावं. मी बी मजेत हाय." मग खोकल्याची उबळ आली, ती पदरात दाबून, फोटोतल्या पट्टीवर बोट ठेवत त्या म्हणाल्या, "आन् हळद धाडती म्हनावं. भाजीला." नामा खाणावळीत जेवणारा, त्याला कसली भाजी न् कसली हळद! मी मुकाट्यानं 'भाजीला' असं लिहिलं.

निघताना राहवलं नाही. "एवढं सगळं कळतं, तर मग उन्हात ती छत्री कशाला, मावशी?"

"कागदावर त्यो काय बी लिवंल. पाऊस काय त्याच्या हातात न्हाई. त्याच्याकडचं खरं येवढंच येतं माझ्यापत्तूर."

पुढच्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी बातम्यांत चेन्नईला पाऊस सांगितला. सकाळी मावशी छत्री उघडून निघाल्या. वर कडक ऊन. मी मागून गेले आणि छत्रीत शिरले.

"बाई, लोक हसत्याल तुमाला."

"हसू द्या. जरा इकडं धरा, माझा खांदा भिजतोय."

त्यांनी छत्री माझ्याकडे कलती केली. एस.टी. थांब्यापर्यंत आम्ही तशाच एका छत्रीत चालत गेलो. मग मावशी समोर बघतच हळू म्हणाल्या, "त्यो छत्री नेत न्हाई, बाई. ल्हानपनापासनं."