जाड तारेची खरखर

"यात आहे काय एवढं? चार तारा, एक लाकूड आणि दोन मिलिमीटरचा हिशेब! रविवारच्या आत बास गिटार अशी लावतो की डॉक्टर तोंडात बोट घालतील!"

निरीक्षकांनी सोमवारी सकाळी बायकोला असं ठणकावून सांगितलं. बायको कपडे वाळत घालत होती. तोंडात धरलेला चिमटा काढून ती म्हणाली, "मागे नळही असाच लावला होतात."

"नळाची गोष्ट वेगळी. नळासोबत मापं दिलेली नव्हती!"

निरीक्षक वजनमापे खात्यात होते. सव्वीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासून तपासून त्यांचा असा पक्का समज झाला होता की जे मोजता येत नाही ते मुळात नसतंच. ताप आला तरी थर्मामीटरमध्ये आकडा दिसल्याशिवाय हे कण्हत नसत! एवढ्या मोजूनमापून जगणाऱ्या माणसाने बास गिटार कशी काय धरली, असं लोक विचारायचे. पण खरं सांगायचं तर आयुष्यात मनापासून हवीशी वाटलेली ती एकच गोष्ट होती. कॉलेजात असताना एका मित्राच्या खोलीत त्यांनी तो जाड, पोटात घुमणारा आवाज ऐकला आणि पुढची तीस वर्षं तो काही डोक्यातून गेला नाही. चार वर्षांपूर्वी एकदाची गिटार घेतली आणि त्याच महिन्यात डॉक्टरांच्या बँडमध्ये शिरले.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. ते गायचे, साधी गिटार वाजवायचे आणि बँड आपल्या बापाचा असल्यासारखे वागायचे. ड्रम वाजवायला शिंपीकाका. आपले निरीक्षक बासवर. झाला बँड! दर रविवारी निरीक्षकांच्या दिवाणखान्यात सराव चाले, कारण बाकी दोघांच्या बायकांनी साफ नकार दिला होता. चार वर्षांत कार्यक्रम मात्र एकही नाही. आणि आता अचानक वाचनालयाच्या वर्धापनदिनाचं आमंत्रण आलं! खरंखुरं स्टेज, समोर खुर्च्या आणि खुर्च्यांवर माणसं!

पण एक घोटाळा होता. सगळ्यात जाड तार मानेवरच्या पट्ट्यांमधल्या तिसऱ्या घरात दाबून छेडली की खर्रर्र असा आवाज यायचा. घरात इतके दिवस चालून गेलं, स्टेजवर कसं चालणार? काल सरावानंतर डॉक्टरांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, "निरीक्षक, पुढच्या रविवारी ही खरखर ऐकू आली तर माफ करा, माझे जावई बसतील बासवर. त्यांची गिटार पाच तारांची आहे."

पाच तारा! निरीक्षकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर ते आधी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे गेले. कारागिराने गिटार मांडीवर घेतली, एक डोळा मिटून तिच्या लांब मानेवरून नजर फिरवली, चारही तारा खालपासून वरपर्यंत वाजवल्या आणि म्हणाला, "साहेब, वाद्य ठणठणीत आहे. खरखर यात नाही. वाजवता कुठे तुम्ही?"

"घरी. त्याचा काय संबंध?"

"बघावं लागेल. आणि हाताला कसं वाटतं? तारा दाबायला जड जातात का?"

"हाताला काय विचारता? तारेची उंची किती आहे ते सांगा!"

"ते मी अंगठ्यानेच बघतो."

अंगठ्याने! सव्वीस वर्षांत निरीक्षकांनी अंगठ्याने मोजणाऱ्या किती दुकानदारांना नोटिसा दिल्या होत्या! त्यांनी गिटार उचलली आणि तरातरा घरी आले.

मंगळवारी रजा टाकली. पलंगावर चादर अंथरली आणि सात व्हिडिओ बघितले. सातही जणांनी सात वेगळ्या उंच्या सांगितल्या, म्हणून निरीक्षकांनी त्यांची सरासरी काढली. गिटारच्या मानेत एक लोखंडी सळई असते. ती पिळली की मान सरळ होते, सैल सोडली की वाकते. व्हिडिओवाला म्हणाला होता, एका वेळी अगदी थोडं फिरवा. निरीक्षकांनी अगदी थोडं फिरवलं. मोजलं. पुन्हा अगदी थोडं. असं अगदी थोडं अकरा वेळा झाल्यावर मान मागे कलली आणि चारही तारा लाकडाला चिकटल्या. आधी एका सुरात खरखर होती, आता प्रत्येक सुरात झाली!

"अगं, प्रगती आहे," ते म्हणाले. "दोष आता सगळीकडे सारखा झालाय."

मग उलटं फिरवायला लागले. आता तारा अशा उचलल्या गेल्या की खालून पाल आरामात पलीकडे जाईल. पण खरखर गेली! निरीक्षकांना इतका आनंद झाला की ते सलग तीन तास वाजवत बसले. त्या तारा दाबायच्या म्हणजे गंजलेला पंप हापसण्यासारखं होतं. संध्याकाळी डाव्या हाताच्या चार बोटांना चार टपोरे फोड आले.

बुधवारी चारी बोटांना पट्ट्या बांधून साहेब बाजारात तपासणीला गेले. पहिल्या दुकानदाराने विचारलं, "साहेब, हे काय झालं?" निरीक्षक कसनुसे होऊन म्हणाले, "काही नाही, तारेचं काम होतं." झालं! पाचव्या दुकानापर्यंत बातमी पोचली की साहेबांना कुणीतरी तारेने बांधून मारलं, आणि आता साहेब सूड घ्यायला निघालेत. त्या दिवशी अख्ख्या बाजारात एकही वजन कमी भरलं नाही. एका दुकानात तर किलोमागे वीस ग्रॅम जास्तच निघाले!

पण असल्या बोटांनी रविवारी वाजवणार कसं? तारा पुन्हा खाली आणल्या तर पट्ट्यांना घासून खरखर परत आली. शेवटी गुरुवारी मनाचा हिय्या करून ते डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले आणि सगळं कबूल केलं.

डॉक्टर मनाने वाईट नव्हते. त्यांना फक्त कुठे काही उंच दिसलं की घासल्याशिवाय चैन पडत नसे. "सोपं आहे," ते म्हणाले. "मानेवरच्या या धातूच्या पट्ट्या, फ्रेट, बघा. तुम्ही तिसरी दाबता आणि चौथी मध्ये येते. दाढ भरल्यावर असंच होतं. ठेवा खुर्चीत!"

गिटार खुर्चीत आडवी झाली. नर्सने सवयीने तिच्या छातीवर कागदी लाळेरं लावलं. दातांचा चावा तपासायचा निळा कागद डॉक्टरांनी तारेखाली सरकवला. "दाबा. सोडा. पुन्हा दाबा. हं, ही बघा उंच!" आणि यंत्र सुरू झालं. घर्रर्र! चौथी पट्टी घासली तर पाचवी उंच दिसायला लागली. पाचवी घासली तर सहावी. डॉक्टरांना चेव चढला. वीसच्या वीस पट्ट्या होईपर्यंत तास उलटला.

बाहेर पाच रोगी बसले होते. तासभर यंत्राची घरघर चालू, पण आतल्या माणसाचा हूं की चूं नाही! "काय सोसतोय बिचारा!" एक आजी हळहळल्या. तेवढ्यात दार उघडलं आणि घामाघूम झालेले निरीक्षक एक लांबलचक काळी पेटी खांद्यावर घेऊन, मान खाली घालून बाहेर पडले. मागून डॉक्टरांचा आवाज आला, "पुढचे कोण?"

पुढचं कुणी उरलंच नव्हतं.

घरी येऊन तार छेडली तर सूर नाही, खरखर नाही, काही नाही! नुसतं थप्प! पट्ट्या घासून इतक्या सपाट झाल्या होत्या की तारेला टेकायला जागाच नव्हती. निरीक्षक गिटार मांडीवर घेऊन पलंगावर बसले. मोजपट्टी जमिनीवर पडली, तीही त्यांनी उचलली नाही. बायकोने चहा आणून ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच नळाचा विषय काढला नाही.

"अहो, त्या कारागिराकडेच जा ना परत," ती हळूच म्हणाली. "माणूस बरा वाटला मला तुमच्या बोलण्यावरून."

कारागिराने पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि गिटार उचलून आपल्या मागे ठेवली. मग म्हणाला, "साहेब, शनिवारी संध्याकाळी या. आणि तोवर कशाला हात लावू नका. घरातल्या नळालासुद्धा!" आता नळाचं याला कसं कळलं, देव जाणे.

शनिवारी त्याने नव्या पट्ट्या बसवलेली गिटार निरीक्षकांच्या हातात दिली. "हाताला कसं वाटतं?"

निरीक्षकांनी फोडांच्या बोटांनी भीत भीत तार दाबली. तार लोण्यासारखी बसली. आवाज कसा, स्वच्छ, गोल, थेट पोटात! त्यांचे डोळेच भरून आले. "बरं वाटतंय हो," ते म्हणाले. खिशातली मोजपट्टी त्यांनी खिशातच राहू दिली.

रविवारी सगळे जमले. जावईबापूही पाच तारांची गिटार घेऊन सोफ्यावर टेकले होते. निरीक्षकांनी अ‍ॅम्प, गिटारचा आवाज मोठा करणारा तो खोका, चालू केला, शोकेसकडे पाठ करून आपल्या नेहमीच्या जागी उभे राहिले, ऐटीत डॉक्टरांकडे पाहिलं आणि जाड तार तिसऱ्या घरात छेडली.

खर्रर्र!

डॉक्टरांनी मान हलवली. "जावईबापू, या पुढे." निरीक्षकांनी पट्टा खांद्यावरून काढायला घेतला.

"थांबा," स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली. "वाजवा बघू परत."

खर्रर्र!

ती सरळ शोकेसपाशी गेली. तिथे वरच्या फळीवर एक प्लॅस्टिकचा जबडा होता. ब्रश कसा करायचा ते रोग्यांना दाखवायचा, बिजागरीवाला, बत्तीस दातांचा. निरीक्षक बँडमध्ये आले तेव्हा डॉक्टरांनी ही सप्रेम भेट दिली होती. पाहुणे आले की बायको त्याच्यावर रुमाल टाकायची. काढून टाकायची मात्र सोय नव्हती, डॉक्टरांना वाईट वाटेल ना! तिने जबड्यावर हात दाबून धरला.

"आता वाजवा."

सूर घुमला. स्वच्छ, गोल, थेट पोटात.

तिने हात काढला. खर्रर्र! बत्तीसच्या बत्तीस दात कडकडत होते.

"हे तर चार वर्षं असंच वाजतंय," बायको म्हणाली. "मला वाटलं, गाण्यातलंच आहे. आणि काय हो, दुकानात गेल्यावर काटा कशावर ठेवलाय ते आधी बघता ना तुम्ही?"

शिंपीकाका हसून हसून ड्रमवर आडवे झाले. डॉक्टर लाल होऊन पुटपुटले, "बिजागरी... बिजागरी ढिली झाली असेल." जावईबापूंनी आपली गिटार मुकाट्याने पिशवीत घातली. निरीक्षकांची जागा पक्की झाली!

जबडा माळ्यावर गेला आणि सराव सुरू झाला. पण डॉक्टरांना काही केल्या गाणं उचलता येईना. एकदा चुकले, दोनदा चुकले, चौथ्यांदा तर शिंपीकाकांच्याही पुढे निघून गेले. शेवटी घाम पुसत त्यांनी कबूल केलं, "काय आहे, चार वर्षं मी त्या खरखरीवरच गाणं उचलत आलोय."

निरीक्षक निमूटपणे माळ्यावर चढले.

वाचनालयाचा कार्यक्रम झकास झाला. टाळ्या पडल्या. स्टेजवर अ‍ॅम्पच्या डोक्यावर जबडा मांडलेला होता आणि त्याच्या मागे निरीक्षक, जीव ओतून वाजवत होते. कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ खास त्यांना भेटायला आले. निरीक्षकांनी कोट नीट केला.

"वा! बाकी गाणं ठीक होतं," गृहस्थ म्हणाले, "पण ते दात काय सुरेख वाजवलेत! वाजवणारे कोण, ते कुठे दिसले नाहीत?"

निरीक्षकांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने रुमाल तोंडावर धरला होता.

"ते... दातांचे डॉक्टर," निरीक्षक म्हणाले आणि तारा पुसायला लागले.