बाजेवरचे आमदार

आमच्या तालुक्याचे आमदार एकदा बाजेवर पडून टेंभुर्णीला गेले. आजारी नव्हते. सकाळी दोन भाकरी आणि वांग्याची भाजी खाऊन ते बाजेवर आडवे झाले, अंगावर वाकळ घेतली आणि म्हणाले, "उचला. अन् टाइम बघा."

त्यांना सगळे आण्णा म्हणत. त्यांचं घर आमच्या समोरच, मधे फक्त बोळ. लग्न होऊन मी या गावात आले तेव्हापासून त्यांना बघत आले, म्हणजे बहुतेक दाराच्या फटीतून. वडीलधाऱ्यांपुढं सुनेनं उभं राहायचं नाही अशी रीत होती, आणि माझा स्वभावही तसाच.

आण्णा भेटले की कुणाला "बरं हाय का" म्हणायचे नाहीत. विचारायचे, "तुमच्याकडं शेवटचं आजारी कोण पडलं? दवाखान्यात न्यायला किती टाइम लागला?" लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या बापालाही हेच विचारायचे. एका बारशाला पाळण्यावर वाकून म्हणाले, "ह्याला उद्या ताप आला तर कुठं न्याल?" बाळाच्या आजीनं घुगऱ्यांची परात त्यांच्यापुढून उचलून नेली. लोक म्हणायचे, माणूस देवासारखा आहे, पण शुभकार्याला बोलवू नका.

उत्तर मिळालं की ते वही काढून लिहून घ्यायचे. "कागदावर आलं पायजे. बिलकुल."

गावाला दवाखाना आणि एक नर्सबाई मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला होता. वरून उत्तर आलं, टेंभुर्णीचा दवाखाना तुमच्यापासून सातच मैल आहे, वेगळ्या दवाखान्याची गरज नाही. आण्णांनी तो कागद पारावर सगळ्यांना वाचून दाखवला. "मैल काय, खुर्चीत बसून मोजता येतात. टाइम मोजायला बाजेवर पडावं लागतं." आमच्याकडं आजारी माणसाला, अडलेल्या बाईला बाजेवर घालूनच नेत. मग आण्णाही तसेच निघाले.

खांदा देणाऱ्या चौघांत आमचे घरचे, म्हणजे माझे मालकही होते. आण्णा अंगानं भरलेले. पुढची हकिगत घरच्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की मीही त्या वाटेनं चालले असं वाटतं.

आजारी माणसाला नेताना डोकं पुढं ठेवतात. पाय पुढं करून माणूस एकदाच जातो. पण ओढ्याच्या उतारावर आण्णांचं डोकं खाली जायला लागलं, म्हणून चौघांनी बाज फिरवली आणि पाय पुढं केले. ओढा ओलांडल्यावर पुन्हा फिरवायची राहून गेली. ऊन चढलं म्हणून आण्णांनी तोंडावर उपरणं घेतलं आणि त्यांना झोप लागली.

पुढच्या गावात शिरले तर लोकांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. बायांनी पदर तोंडाला लावला. तिथं तात्या राहत. ते आण्णांच्या विरोधात इलेक्शन लढलेले, दोन वर्षं बोलणं बंद होतं. तात्या धावत आले, बाज थांबवली आणि हात जोडून बोलायला लागले. "असा मानूस व्हनार न्हाई. मी लई वाईट बोल्लो त्याला. पर गरिबाचा कैवारी व्हता." चौघांना काय करावं कळेना. आण्णा एव्हाना जागे झाले होते, पण हलले नाहीत. सगळं ऐकून घेतलं. तात्यांचं संपल्यावर उपरण्याखालूनच म्हणाले, "तात्या, हे बराबर लिहून द्या. पुढच्या इलेक्शनला लागंल."

तात्या तिथंच खाली बसले. मग म्हणाले, "आता तुमाला मत मी देतो की, पर असं करू नका." त्या गोंधळात गेलेला वेळ आण्णांनी वहीत वेगळा मांडला. "हा टाइम धरायचा न्हाई. हा तात्यांचा खर्च."

टेंभुर्णीला पोचेपर्यंत दुपार कलली होती. आण्णांनी ती वही मुंबईला नेली. तिथं काय झालं ते मला नीट माहीत नाही. घरचे सांगतात, त्यांनी साहेबाच्या टेबलावर वही ठेवली आणि म्हणाले, "पटत नसंल तर आमच्या गावाला या. बाज आमची, पडायचं तुम्ही."

दोन वर्षांनी दोन खोल्यांचा दवाखाना झाला, पाराच्या अगदी समोर.

पहिली नर्सबाई आली. राहायला जागा नाही हे बघून त्याच यष्टीनं परत गेली. दुसरी आठ दिवस टिकली. तिसरी आली ती सुमन सिस्टर, जुन्या जालन्याची, बौद्ध घरातली. तिला गावात खोली मिळेना. कुणी जागा नाही म्हणायचं, कुणी पाण्याची अडचण सांगायचं, आणि खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. आण्णांनी स्वतःच्या घराचा पुढचा सोपा तिला दिला आणि आपली गादी गोठ्यात टाकली. तहसीलदार आले तरी तिथंच, बैलांच्या शेजारी बसायचे.

आक्का, म्हणजे आण्णांच्या बायको, तेव्हा काय बोलल्या ते मी बोळातून ऐकलं.

"ती पानी कुठून घेनार?"

"आपल्या रांजनातून."

"अन् मंग मी?"

"तूबी तिथूनच. रांजन मोठा हाय."

आक्का दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सिस्टरला तापात कण्हताना ऐकलं आणि स्वतःच पेज करून घेऊन गेल्या.

एवढं सगळं झालं, पण दवाखान्यात बाया जाईनात. पुरुष जायचे, खोकल्याच्या गोळ्या घेऊन यायचे. बाई एक नाही. सिस्टर दिवसभर कोरं रजिस्टर घेऊन बसायची. जालन्याहून पत्र आलं की अमुक सोमवारी साहेब तपासणीला येतील, बायांची नावं नसतील तर सिस्टरला दुसऱ्या गावी पाठवतील. आण्णा पारावर भाषण देऊन आले. ऐकायला सगळे पुरुषच होते.

तपासणीला चार दिवस राहिले होते. आण्णा आमच्या दारात आले. घरचे शेतात गेले होते. ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले, तोंड बोळाकडं करून.

"सूनबाई, मी काही आत येत न्हाई. एकच सांगा. बाया का जाऊन न्हाई राह्यल्या?"

मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. मला तेव्हा तिसरा महिना होता. पहिल्या वेळचं मूल टेंभुर्णीच्या वाटेवरच गेलं होतं. शेवटी मी दाराआडूनच म्हणाले, "समोर पार हाय, आण्णा. मानसं बसलेली असत्यात. कोन कशाला गेली, ते संध्याकाळपातूर गावभर व्हतं."

आण्णांनी वहीही काढली नाही, तसेच वळून गेले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या मागून ठोकल्याचा आवाज आला. आमदार स्वतः पहार घेऊन सरकारी भिंत फोडत होते. आडाकडं जाणारी बायांची वाट त्याच भिंतीला लागून जाते. दुपारपर्यंत माणूस वाकून जाईल एवढं दार झालं. तलाठी हातातला कागद सावरत आला. "आण्णा, सरकारी इमारत हाय. काय लिहू?"

"लिहा, भिंत पडली."

"दाराच्या मापाची?"

"सरकारी बांधकाम हाय. सरळच पडनार."

तरी त्या दिवशी कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आम्ही घागरी घेऊन जाताना फक्त त्या दाराकडं तिरकं बघायचो. तिसऱ्या दिवशी आक्का पुढं होत्या. दारापाशी आल्यावर त्यांनी घागर खाली ठेवली, इकडं तिकडं न बघता वाकल्या आणि आत गेल्या. आम्ही वाटेवर तशाच उभ्या राहिलो. मग कुंभाराच्या सुनेनं घागर ठेवली. तिच्या मागून मी. संध्याकाळपर्यंत त्या दाराबाहेर रिकाम्या घागरींची रांग होती, आणि पारावरच्या माणसांना पत्ताही नव्हता.

सोमवारी साहेब आले. मी पडद्यामागच्या खोलीत होते, सिस्टरनं पुन्हा बोलावलं होतं. बाहेर आण्णांचा आवाज नुसता चढला होता.

"रजिस्टर उघडा. सोळा नावं हायेत, सोळा. सिस्टर, पहिलं नाव वाचा, मोठ्यानं. साहेबाला ऐकू द्या."

सिस्टर म्हणाली, "नावं साहेब बघतील ना, आण्णा."

"वाचा म्हन्तो. ज्या बाईनं हिंमत केली, तिचं नाव झालंच पायजे."

सिस्टरनं वाचलं, "पार्वताबाई. वय पन्नास." आणि तिनं रजिस्टरवर हात ठेवला.

पार्वताबाई म्हणजे आक्का. साहेब हसून म्हणाले, "वा, घरापासूनच सुरुवात केलीत." त्यांनी सही केली, सिस्टर इथंच राहील म्हणाले, चहा घेऊन गेले. आण्णांचा आवाज मात्र पुन्हा आला नाही.

संध्याकाळी ते आमच्या उंबऱ्यावर येऊन बसले.

"सूनबाई, तिला काय व्हतंय? सिस्टर सांगत न्हाई. म्हन्ती, त्यांनाच विचारा."

बायांत सगळ्यांना ठाऊक होतं. आक्कांचं अंग बाहेर यायचं, गर्भपिशवी खाली उतरायची. शेवटच्या बाळंतपणापासून. घागर उचलताना त्या ओठ दाबून धरायच्या. मी जेवढं सांगता येईल तेवढं दाराआडून सांगितलं.

"किती वर्सं झाली?"

"मी आले त्याच्या आधीपासून."

आण्णा जमिनीकडं बघत बसले. अख्खा तालुका विचारत फिरलेला माणूस. "मला कधी बोल्ली न्हाई," म्हणाले. मग स्वतःशीच म्हणाले, "मी तरी कधी इचारलं?" आणि उठून गेले.

त्या घरातून मग कितीतरी वेळ दोघांचं हळूहळू बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळले नाहीत. आक्का एकदा हसल्या एवढं कळलं.

सकाळी मी आडावर गेले तर बाया पदर तोंडाशी धरून बाजूला सरकलेल्या. आण्णा पाणी शेंदत होते. घागर खांद्यावर घेऊन ते मागच्या वाटेनं गेले नाहीत, सरळ पारासमोरून निघाले. सदरा भिजलेला, पाणी हिंदकळून मागं सांडत होतं.

पारावरून कुणी म्हणालं, "काय आण्णा, आमदार पानी भरून राह्यले का?"

"हिला जालन्याला ऑपरेशनला न्यायचंय. तोवर वजन उचलायचं न्हाई, असं सिस्टरनं सांगितलंय," आण्णा न थांबता म्हणाले. "तुमच्या घरी कोन भरतंय?"



त्यांच्या मागून दोन पावलं सोडून आक्का चालत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा आडावरून मोकळ्या हातांनी येत होत्या, आणि ते हात कुठं ठेवावेत हे काही केल्या त्यांना सुचत नव्हतं.