मुख्य दरवाजा ठरेपर्यंत

ज्येष्ठ रहिवासी मंडळाच्या वार्षिक सहलीत यंदा बहाई मंदिराच्या वास्तुसौंदर्याचे कौतुक करावे, हा ठराव एकमताने मंजूर झाला. मंदिर कोणीच पाहिलेले नसल्यामुळे मतभेदाला जागा नव्हती.

शिंपीकाकांनी पहिल्यांदाच सहलीसाठी नाव नोंदवले. त्यांच्या स्वयंपाकघरात गेल्या वर्षीचे कॅलेंडर अजून टांगलेले होते. त्यावर हेच मंदिर होते. कांदा चिरताना काकू त्याकडे बघून म्हणायच्या, "बाहेरून काय, कॅलेंडरवालाही बघतो. आपण एकदा आत जाऊन बसू या." पुढे काकूच राहिल्या नाहीत. निदान आपण तरी आत बसून यावे, एवढाच काकांचा बेत होता. मंडळाने त्यांच्या हाती मंडळाच्या नावाच्या कापडी फलकाचे डावे टोक दिले.

मंदिर पांढरेशुभ्र होते. अध्यक्षांनी मान वर करून "वा!" म्हटले. मग पदांच्या क्रमाने सर्वांनी "वा!" म्हटले. आता प्रवेश. नियमानुसार मुख्य दरवाजातून प्रथम अध्यक्ष आत जात.

"मुख्य दरवाजा कुठला?" त्यांनी तिथल्या स्वयंसेविकेला विचारले.

"नऊ दरवाजे आहेत, आजोबा. सगळे सारखेच. कुठूनही या."

"ते झालं. पण त्यातल्या त्यात मुख्य?"

"एकही नाही."

"अहो, मी अध्यक्ष आहे!"

"मग या ना," ती हसून म्हणाली. "फक्त आत बोलायचं नाही आणि फोटो काढायचे नाहीत."

ताबडतोब पाहणी समिती नेमली गेली. इमारत गोल, म्हणून सचिवांना खूण म्हणून पहिल्या दरवाजापाशी उभे केले. ऊन लागले तसे ते शेजारच्या दरवाजाच्या सावलीत सरकले, मग त्याच्या शेजारच्या. समितीने दरवाजे मोजले, ते चौदा भरले. सचिवांना जागेवर आणून उलट्या दिशेने पुन्हा मोजले, तेव्हा सहा. नऊ हा आकडा शेवटी बहुमताने स्वीकारण्यात आला.

"मी जाऊन बसू का हो जरा?" काकांनी विचारले.

"माझ्या आधी?" अध्यक्ष दचकले. "तुम्ही शिराल तो दरवाजा मुख्य ठरेल. मग मी कुठून जाऊ?"

"मी मागच्या दाराने जातो."

"मागचं कुठलं?"

"तुम्ही पुढचं ठरवाल, त्याच्या बरोबर समोरचं."

निवृत्त इंजिनिअरसाहेबांनी बोटांवर हिशेब केला. "नाही जमणार. नऊ आहेत. दारासमोर दार येतच नाही. थोडक्यात, या इमारतीला मागची बाजूच नाही. गंभीर दोष आहे!"

दोष कौतुकात बसेना, म्हणून त्यासाठी उपसमिती नेमावी लागली. तिचा अध्यक्ष कोण, यावर चर्चा रंगली. तेवढ्यात स्वयंसेविका येऊन म्हणाली, "थोड्याच वेळात बंद होईल हं."

काकांनी हातातले टोक अध्यक्षांपुढे केले. "जरा धरता? आलोच."

फलक हाती आला की अध्यक्षांना समोर कॅमेरा असल्याचा भास होई. त्यांनी टोक धरले, पोट आत घेतले आणि हसले. काका जवळच्या दाराने आत गेले.

आत मूर्ती नव्हती, माईक नव्हता. उंच घुमट, मऊ उजेड आणि बाकांच्या रांगा. काका बसले. पिशवी शेजारी ठेवली. मग काय वाटले कोण जाणे, उचलून मांडीवर घेतली आणि शेजारची जागा मोकळी राहू दिली.

ते बाहेर आले आणि मागे दार लागले. अध्यक्ष अजून हसत होते.

परतताना बसमध्ये तातडीची सभा झाली. अध्यक्षांच्या आधी आत जाणे नियमात बसत नसल्यामुळे काका आत गेलेच नाहीत, असे ठरले. काकांनीही हात वर केला. त्यांचे काम झाले होते.

अहवाल लिहिताना सचिव हळूच त्यांच्याकडे सरकले. "गेला नाहीत ते ठीक. पण आत कसं होतं हो?"

"निवांत. हिला आवडलं असतं."

"ते लिहिता येणार नाही."

त्यांनी लिहिले, 'अंतर्भागही अप्रतिम.'

सहलीचा फोटो मंडळाने परवा सगळ्यांना पाठवला. फलकावरचे अक्षर न् अक्षर वाचता येते. तुम्हीही खाली 'वा!' लिहिलेत. आता खरे सांगा, फलकामागे मंदिर दिसत होते का?