बासष्ट किलोची खाच

"अहो, थांबवा. मी इथून चालत येते," बायको मागच्या सीटवरून म्हणाली. वळण कसंबसं पार पडलं होतं, पण पुढच्याच गतिरोधकावर गाडीचा मागचा भाग धाडकन आपटला आणि तिची जीभ चावली गेली.

नवऱ्यानं निमूटपणे गाडी थांबवली. तो छापखान्यात मुद्रितशोधक होता. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा, असं सुखाचं काम. मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यापासून मात्र घरात "काय करू जेवायला?" आणि "काहीही चालेल" याच्यापुढे गप्पा सरकत नव्हत्या. त्याला ते फार लागलं होतं, म्हणून त्यानं ही जुनी मोटरसायकल घेतली. दर रविवारी दोघांनी तलावापर्यंत फिरून यायचं, एवढीच त्याची इच्छा. आणि ही बाई पहिल्याच रविवारी अर्ध्या वाटेत उतरून चालू लागली होती.

संध्याकाळी तो गाडीचं माहितीपुस्तक घेऊन बसला. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगला पाच खाचा होत्या. बसणाऱ्यांचं वजन जेवढं जास्त, तेवढी स्प्रिंग घट्ट करायची.

"तुझं वजन किती गं?"

"अठ्ठावन्न."

"माझं बासष्ट. म्हणजे दुसरी खाच."

बासष्ट हे त्याचं लग्नातलं वजन. त्यानंतरच्या बावीस वर्षांत ज्यानं विचारलं त्याला त्यानं बासष्टच सांगितलं, आणि सांगून सांगून त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. हजारो पानांतले आकडे मूळ प्रतीशी ताडून पाहणाऱ्या या गृहस्थानं एवढा एकच आकडा कधी ताडला नव्हता.

दुसऱ्या रविवारी गाडीनं तेच रंग दाखवले. मागं बसकण मारायची, पुढचं चाक हलकं करायची आणि वळणावर आपल्या मनानं रस्त्याच्या कडेला जायची.

"टायरच खराब आहेत," तो म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं. धक्के कमी बसावेत म्हणून त्यानं टायरमधली हवा कमी केली. मग गाडी वळेना. हवा वाढवली, तर ती प्रत्येक खड्ड्यावरून उडू लागली. शेवटी त्यानं दोन्ही टायर नवे घातले. "पहिले शंभर किलोमीटर जपून बरं का, नवं रबर सटकतं," असं दुकानदारानं बजावलं होतं. शंभर कसले, चौथ्याच किलोमीटरला गाडी दोघांना घेऊन अलगद एका कुंपणात शिरली. लागलं कुणालाच नाही, पण बायकोच्या ओढणीचा अर्धा भाग तिथंच राहिला.

आता टायरला दोष देता येईना. म्हणून त्यानं घसा खाकरला आणि अगदी हळुवारपणे म्हटलं, "मला वाटतं, मागं वजन जरा जास्त पडतंय."

दुसऱ्या दिवसापासून बायको रात्री फक्त काकडी खाऊ लागली. तीन आठवड्यांत तिचं वजन तीन किलोनं उतरलं. गाडी होती तश्शीच राहिली.

"येत्या रविवारी शेवटचं बसते," ती म्हणाली. "नाही जमलं तर विकून टाका ती. माझ्याच्यानं आता होणार नाही." रविवारी सकाळी त्यानं बायकोसकट गॅरेज गाठलं.

मिस्त्रीनं त्याला गाडीवर बसवलं, मागच्या चाकाजवळ मोजायची टेप लावली आणि आणखी एकदा लावली.

"साहेब, वजन किती तुमचं?"

"बासष्ट."

"बासष्टला एवढी दबते? मग स्प्रिंग मेलीच म्हणायची. दोन्ही शॉकअप नवे घालावे लागतील."

"घाला," तो तत्काळ म्हणाला.

"घाला काय?" बायको पुढं आली. "आधी खात्री तर करा. शेजारी भंगारवाल्याकडे काटा आहे ना?"

"अगं, माझे बूट जड आहेत."

"काढा."

त्यानं बूट काढले. हेल्मेट ठेवलं. खिशातली चावी, पाकीट, अगदी लाल पेनसुद्धा काढून ठेवलं आणि श्वास रोखून तो काट्यावर चढला. भंगारवाल्यानं सवयीनं, मान वर न करताच मोठ्यानं पुकारलं, "चौऱ्याऐंशी!"

मिस्त्रीला अचानक पाना शोधायची घाई झाली. नवरा मोज्यांवर उभा होता. आपल्याला एवढी लाज शेवटची कधी वाटली होती, हे त्याला आठवेना.

"तीन आठवडे," बायको शांतपणे म्हणाली, "तीन आठवडे मी काकडी खातेय."

"चुकलं माझं."

"मिस्त्री, समजा मी चालवली आणि हे मागं बसले, तर कुठली खाच?"

"जड माणूस मागं? मग पाचवी, ताई. शेवटची."

"तुला गाडी येते?" त्यानं चमकून विचारलं.

"माहेरी सहा वर्षं भावाची गाडी मीच पळवत होते. तुम्ही कधी विचारलंत?"

पाचवी खाच लागली. टायरमध्ये माहितीपुस्तकात लिहिलीय तेवढीच हवा भरली. बायकोनं किक मारली आणि ज्या वळणापुढं ती पहिल्या रविवारी उतरली होती, तिथून गाडी सुतासारखी सरळ काढली. मागं बसलेल्या नवऱ्याला रस्ता दिसतच नव्हता. प्रत्येक वळणावर त्याचा जीव टांगणीला लागत होता आणि हात पकडायला दांडी शोधत होते.

"अगं, हळू!"

"काय म्हणालात?"

"काही नाही. छान चाललीय, म्हटलं."

मग ती बोलू लागली. भावाच्या गाडीबद्दल, एकदा ती गाडी कशी घसरली आणि घरी कळू नये म्हणून आपण कुंपणावरून उडी मारून आत कशा शिरलो त्याबद्दल. अर्धं वाऱ्यात उडून जात होतं, म्हणून तो पुढं वाकून कान देऊन ऐकत होता. बावीस वर्षांत यातलं एक अक्षर त्यानं ऐकलेलं नव्हतं.

तलाव आला. तिनं वेग कमी केला. "थांबायचं?"

त्याची कंबर भरून आली होती. त्यानं तिच्या खांद्यावरचा हात आणखी घट्ट केला.

"नको," तो म्हणाला. "पुढं सांग. तू कुंपणावरून उडी मारलीस, मग?"