आठ बाजूंची तुरटी

जालन्याच्या विज्ञान प्रदर्शनात नंबर आला तर नोकरीत कायम करतो, असं हेडमास्तर अण्णासाहेब म्हणाले आणि रखमाजी मास्तरांनी तुरटीचा स्फटिक वाढवायचं ठरवलं. (दुसरा कुणी असता तर तक्ता रंगवून मोकळा झाला असता.) भोकरदन तालुक्यातल्या त्या शाळेत ते कित्येक वर्षं 'तात्पुरते' होते.

शहात्तरचा पावसाळा होता. मास्तरांनी गावातल्या दुकानांतली तुरटी झाडून आणली, बायकोची, उषाबाईंची, लोणच्याची बरणी रिकामी करून घेतली, तुरटीचं दाट पाणी भरलं आणि आत दोऱ्याला एक खडा टांगला. लोणचं पातेल्यात गेलं, त्याला बुरशी आली. नदीचं पाणी चहासारखं गढूळ येत होतं आणि ते निवळायला घरात तुरटीचा कण नव्हता.

"येवढासा खडा द्या की. पोरीचं पोट दुखून राह्यलंय," उषाबाई म्हणायच्या.

"अगं, आत कण रांगेत बसतात, प्रार्थनेच्या पोरांसारखे! म्हणून तर आठ सपाट बाजू येतात. तुला काय कळणार?"

उषाबाईंना संताप यायचा. त्या पाणी फडक्यातून गाळायच्या आणि उकळायच्या. स्फटिक मात्र लिंबाएवढा झाला. मास्तर बायकोपेक्षा त्याच्याशीच जास्त बोलत.

जालन्याला निघायच्या आदल्या दिवशी अण्णासाहेब स्फटिक बघायला घरी आले. पाणी प्याले आणि खूश होऊन आणखी मागितलं. मास्तर बरणी आणायला आत गेले ते ओरडलेच. दोऱ्याला झिजलेल्या साबणासारखं काहीतरी लटकत होतं. ना धार, ना कोपरा.

"हे कुणी केलं?"

"मी. तुमचे साहेब येणार, मंग त्यांना गढूळ पाणी देऊ? दोऱ्याला धरून घागरीत फिरवली. बराबर परत टांगलीय. थोडीच तर झिजली."

"अगं, बाजू गेल्या ना त्याच्या!"

"पोरीसाठी मागितली तवा दिली न्हाई. साहेबासाठी तरी कामी आली."

बाहेर अण्णासाहेब सगळं ऐकत होते.

सोमवारी शाळेत नोटीस लागली. रोज सकाळी मुलांच्या पाण्याच्या रांजणात तुरटी फिरवायचं काम रखमाजी मास्तरांकडे कायमचं देण्यात आलं होतं. नोकरी तात्पुरतीच राहिली. तुरटी घरून आणायची होती.