न केलेल्या गृहपाठाची कारणे

'विद्यार्थी गृहपाठ का करीत नाहीत' हा एम.एड.च्या प्रबंधाचा विषय रामकिसन मोकाशांनी आपण होऊन मागून घेतला होता. अध्यापक विद्यालयातली पक्की नोकरी या प्रबंधावर अडली होती. मार्गदर्शक आशाबाईंनी शांतपणे सांगितले होते, की सोमवारी कारणे आणि निष्कर्ष आणा, नाहीतर पुढच्या वर्षी भेटू. तेव्हा मोकासे गारखेड्याहून निघून एस.टी.ने पिशोरला उतरले आणि तिथून पायी एका खेड्यातल्या शाळेत जाऊन थडकले.

"कारणं लई भेटतील," सातवीच्या कमरोद्दीन गुरुजींनी दिलासा दिला. "आमच्याकडं गृहपाठ करणाराच धुंडावा लागतो, साहेब."

पण तोवर शिपाई कडूबाने गावभर केले होते, की प्यांटवाला साहेब गृहपाठ न करणाऱ्यांची नावे लिहून कन्नडला तालुक्याच्या कचेरीत धाडणार. दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्या वर्गाचा गृहपाठ तयार. काही गणितांना बापाचे अक्षर होते, काहींना चुलत्याचे. महिनाभर गैरहजर असलेला एक मुलगा महिन्याचा गृहपाठ घेऊन हजर झाला.

मोकासे हटणारे नव्हते. त्यांनी गुरुजींना चक्रवाढ व्याजाची अवघड गणिते द्यायला लावली. गाव पारावर बसले आणि गणिते सुटली. मग त्यांनी मुलांना समजावले, की गृहपाठ नाही केला तरी कोणी रागावणार नाही. मुलांनी यातला डाव ओळखला आणि दुप्पट करून आणला.

शुक्रवारी मोकाशांचा उतरलेला चेहरा पाहून गुरुजींना दया आली. त्यांनी फळ्यावर गणिते लिहिली आणि छडी आपटली. "आजचा गृहपाठ ऐका. यातलं एकबी गणित कुणी करायचं नाय. जो करंल त्याची खैर नाय."

शनिवारी सगळ्यांच्या वह्यांची पाने कोरी. मोकाशांनी पेन उघडून कारण विचारले. सगळ्यांचे एकच उत्तर, गुरुजींनी सांगितले म्हणून.

"बघा साहेब," गुरुजींचा ऊर भरून आला, "पहिल्यांदाच सगळ्यांनी माझा गृहपाठ केला."

तेवढ्यात कोपऱ्यातली मनकर्णा छडीसाठी आधीच हात पुढे करून उठली. तिची सगळी गणिते सोडवलेली होती.

"तुला काय सांगितलं होतं?" गुरुजी कडाडले.

"ध्यानातच राह्यलं नाय, गुरुजी. घरी पाव्हणे आले व्हते. न करायला येळच भेटला नाय."

गुरुजींची छडी मोकाशांनी वरच्या वर धरली आणि दुसऱ्या हाताने अधाशासारखे लिहून घेतले: विसर पडणे. घरी पाहुणे येणे. वेळ न मिळणे.

सोमवारी आशाबाईंनी कारणे दोनदा वाचली. "अस्सल आहेत. पण एका मुलीवर प्रबंध उभा राहत नाही, मोकासे. निदान दुसरा विद्यार्थी हवा. बरं, निष्कर्षाचं प्रकरण दाखवा."

मोकासे खिडकीबाहेर पाहू लागले.

"घरी पाहुणे आले होते, बाई."

बाईंनी पेन उघडले आणि मनकर्णाच्या नावाखाली मोकाशांचे नाव लिहून प्रबंध पुढे सरकवला.