पलंगाच्या पायातली माशी

पलंग जुन्या बाजारातून घ्यायचा, आणि तोही सासऱ्यांना न विचारता, असं मी ठरवून टाकलं. सासरे सुतार. त्यांनी जन्मभर रंधा मारला आणि मी जन्मात एक खिळा सरळ ठोकलेला नाही. (जो ठोकला, तो सरळ आहे असं फक्त मी म्हणतो.) त्यांनी एकदा तरी माझ्या खरेदीला मान डोलवावी, एवढीच माझी हौस. दुकानदार म्हणाला, अस्सल सागवान. मी जाणकारासारखी टिचकी मारली, डोळे मिटून आवाज ऐकला आणि पलंग घरी आणला.

सासरे रविवारी तो बघायला येणार होते. शनिवारी पलंगाच्या पायातल्या भेगेतून एक माशी बाहेर आली. लांबुडकी, पंखांवर काळे डाग. मागोमाग दुसरी, आणि दोघींची चक्क डोक्याला डोकं लावून मारामारी. बायकोनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, बाहेरून आल्या असतील. मग गुपचूप भेगेत टूथपेस्ट भरली. रविवारी सकाळी त्या शेजारच्या पायातून येऊ लागल्या.

वरच्या मजल्यावर एक प्राध्यापक राहतात. त्यांचं सगळं आयुष्य माश्यांमागे गेलं. ग्लासात एक माशी धरून मी त्यांच्याकडे धावलो आणि ही बाहेरचीच आहे एवढं सासऱ्यांसमोर सांगा, अशी गळ घातली. त्यांनी भिंग लावलं मात्र, माझ्याआधी अनवाणीच जिना उतरले.

खाली सासरे पलंगावर नुकतेच टेकले होते. प्राध्यापक सरळ पलंगाखाली शिरले आणि तिथूनच गहिवरून सांगू लागले, की या माश्यांचं घराणंच मोठं चोखंदळ. चांगल्या लाकडाकडे त्या ढुंकूनही बघत नाहीत. पार कुजलेलं, आतून भुसा झालेलं लाकूड असलं तरच अंडी घालतात, आणि असल्या जागेसाठी नर जिवावर उदार होऊन भांडतात. इतकं फर्स्टक्लास कुजलेलं लाकूड प्राध्यापकांना जंगलातसुद्धा सापडलं नव्हतं.

सासऱ्यांनी वाकून पलंगाचा पाय अंगठ्यानं दाबला. अंगठा आत गेला. तेवढ्यात पलंग त्या बाजूला कलला आणि सासरे घरंगळत जमिनीवर, प्राध्यापकांच्या शेजारी येऊन बसले.

प्राध्यापकांना कशाचंच भान नव्हतं. "ही जात नवीन दिसते," ते म्हणाले. "हिला तुमच्या जावयाचंच नाव देतो."

मला एकदम भरून आलं. सासऱ्यांनी शांतपणे अंगठ्यावरचा भुसा झटकला.

"नको हो," ते म्हणाले. "तिला लाकडातलं कळतं."